उतारावरचं तेल

डाग नागलीच्या भाकरीएवढा होता, आणि तो गोकुळच्या आधी जयवंतीला दिसला, एवढंच काय ते नशीब. दिवाळी होऊन गेलेली, जव्हारच्या पठारावर थंडी उतरलेली. नळाखालचा हंडा उचलून ती वळली, तर गल्लीच्या उतारावर तोंड वर करून उभ्या असलेल्या गाडीखाली, पुढच्या चाकांच्या मधोमध काहीतरी काळं चकाकत होतं. पाणी नव्हतं. पाणी असं जागच्या जागी दबा धरून बसत नाही. तिने हंडा खाली ठेवला, चुलीतली राख आणून त्यावर टाकली, चपलेने चोळली, खराट्याने ओढून जास्वंदीच्या बुंध्याशी लोटली आणि कंबर सरळ करून गल्लीत वरखाली नजर टाकली. आता स्वतःच्या दारात, स्वतःच्या गाडीखाली राख टाकायला कोणाच्या बापाला भ्यायचं? पण चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं. आतून गोकुळच्या काठीचा आवाज आला, टक, मग फरशीवर घासत येणारा डावा पाय, मग पुन्हा टक, आणि तो दारात यायच्या आत ती हंडा घेऊन स्वयंपाकघरात शिरली.

गोकुळ तिचा नवरा. दाभोशाच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण उमेदीची सगळी वर्षं त्याने जव्हारात सरकारी जीप चालवली. साहेब बदलले, जीपा बदलल्या, ड्रायव्हर तोच. रिटायर होताना त्याने ही जुनी डिझेल गाडी घेतली, तीही सून बघायला जावं तशी चार ठिकाणी पाहून, बॉनेटला कान लावून. आणि हौस फिटायच्या आत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू वाचली, डावी गेली. नंतर डावीही थोडीफार परत आली, पण स्टिअरिंग धरण्याइतकी नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. घरी येऊन त्याने चावी जयवंतीच्या पर्समध्ये टाकली आणि वाकड्या तोंडाने म्हणाला, "शीक." पन्नाशी उलटलेली बाई, मोखाड्याच्या पुढच्या पाड्यावरची मास्तरीण, जन्मात सायकलवर बसली नव्हती. पण शिकली. तो शेजारी बसून शिकवायचा. तेव्हा त्याच्या जिभेला फार शब्द झेपत नसत, त्यामुळे सगळी गाडी त्याने तिला तीन शब्दांत शिकवली: क्लच, हळू, सोड. सोड म्हणताना 'स' नीट यायचा नाही, आणि तिला हसू यायचं, आणि हसू आलं की गाडी बंद पडायची, आणि मग तोही हसायचा, अर्ध्या तोंडाने. तेवढं अर्धं हसू बघायला मिळावं म्हणून तिने पुढे कितीदा मुद्दाम गाडी बंद पाडली, हे त्याला कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून दोघांचा क्रम ठरला. सकाळी ती गाडी काढायची, तो शेजारी बसायचा, जव्हारहून मोखाड्याच्या रस्त्याला लागायचं, मग डांबर सोडून पाड्यावर. ती वर्गात, तो शाळेच्या ओट्यावर. पोरं त्याच्याभोवती जमायची, तो त्यांना इंजिनाची गोष्ट सांगायचा, कशी हवा आत जाते, कशी दाबली जाते, कसा आगीशिवाय भडका उडतो. वर्गातून ती मधूनमधून मान वाकडी करून बघायची, आहे ना ओट्यावर, सावलीत आहे ना. घरी एकट्याला ठेवण्यात अर्थ नव्हता. एकदा ठेवलं होतं तर मोरीत पडून संध्याकाळपर्यंत तसाच होता. वडापच्या जीपमध्ये त्याचा पाय चढत नव्हता. एसटी पाड्यापर्यंत जात नव्हती. म्हणजे बघा, सगळा संसार त्या एका गाडीवर टांगलेला. नाशिकहून कमलेश, त्यांचा मुलगा, दर रविवारी फोनवर तेच म्हणायचा: आई, गाडी जुनी झाली, इंजिनाचं काम निघालं की विकून टाक, शाळेला रामराम ठोक आणि दोघं इकडे या. पोरगं मायेनेच म्हणायचं, सून हर्षदाही मायेनेच म्हणायची, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण तिच्या रिटायर व्हायला अजून दोन पावसाळे होते, पहिलीत ह्या वर्षी कधी नव्हे ती सगळी पोरं यायला लागली होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये गोकुळ काय करेल, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथे तो खिडकीत बसून खाली उभ्या असलेल्या गाड्या मोजायचा. म्हणून जयवंतीने भीतभीत कबूल केलं होतं: इंजिनाचं काम निघालं तर येऊ. आणि आता गाडीखाली डाग.

त्या दिवशी शाळेतून येताना तिने गोकुळला न्हाव्याकडे दाढीला बसवलं आणि समोरच्या दुकानातून इंजिन ऑइलचा छोटा डबा घेतला. दुकानदाराने विचारलं, किती नंबरचं, तर ती म्हणाली, डिझेलचं. पुढे ते तिने कसं घातलं ते तिलाच ठाऊक. शाळेच्या मागे गाडी उभी करून, डबा खाऊच्या पिशवीत लपवून, मधल्या सुट्टीत, गोकुळ ओट्यावर डुलकी काढत असताना. झाकण कुठलं हे तिला माहीत होतं, कारण रोज सकाळी गोकुळ ते उघडताना ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तेल मोजायची गेजची पट्टी काढून बघायची असते हेही माहीत होतं, पण त्या पट्टीवरच्या खुणा तिला कळत नव्हत्या, आणि कळून घ्यायच्या तर गोकुळलाच विचारावं लागणार. मग तिने साधा हिशेब केला: जेवढं गळतंय तेवढं घालायचं. आमटी आटली की पाणी घालतो, त्यात कसलं आलंय शास्त्र. डबा हलका झाला तशी तिची छातीही हलकी झाली. सकाळी पुन्हा डाग, पुन्हा राख. राख टाकून टाकून जास्वंदीचा बुंधा पांढरा पडला.

गोकुळला कळता कामा नये, हे तिने का ठरवलं होतं? त्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी, त्या तशा पायाने, गाडीखाली शिरला असता. हे एक. आणि दुसरं, जे ती स्वतःशीही पुरतं बोलत नव्हती: त्याच्याजवळ आता एवढी एकच गोष्ट उरली होती. रोज उजाडता उजाडता तो काठी टेकत बाहेर यायचा, एका हाताने बॉनेट उचलून टेकू लावायचा, गेज काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा घालून काढायचा, तोंडाजवळ धरून बघायचा; मागच्या सीटखाली तेलाचा मोठा डबा त्याच्या हाताशी असायचा. त्याच्या जीपच्या दिवसांत तो हे सगळं असंच करायचा. तेव्हा जयवंती नुकती नोकरीला लागलेली, माहेराहून, साखरशेतहून, पायी येऊन ऑफिसच्या आवारात कागद द्यायला थांबलेली, आणि हा खाकीतला माणूस पट्टीवरचं तेल असं निरखत होता की जणू त्यात कोणाचं तरी तोंड दिसतंय. नवी पोरगी, जीभ लांब. ती म्हणाली होती, काय हो, तेलात काय भविष्य दिसतं का? तो मान वर न करता म्हणाला, दिसतं, पुढच्या वर्षी ह्या टायमाला तुम्ही माझ्या घरी असाल. आगाऊ! ती तिथून तडतडत निघून आली होती. पुढच्या वर्षी खरंच होती त्याच्या घरी, ही गोष्ट वेगळी. तर असा माणूस रोज ज्या गाडीचं तेल बघतो, ती गाडी गळते, म्हणजे त्याच्या बघण्यातच काही राहिलं, असं कोणी म्हणेल. दुसरा कोणी म्हणाला नाही तरी तो स्वतः म्हणेल. हे तिला सोसणार नव्हतं.

तरी जीव राहवेना म्हणून एकदा ती तुकाच्या गॅरेजला एकटी गेली. तुका म्हणजे गोकुळच्याच हाताखाली तयार झालेला. पोरवयात ऑफिसच्या जीपा धुवायचा, गोकुळच्या शिव्या खायचा; आता डेपोच्या अंगाला स्वतःचं पत्र्याचं शेड, पोट सुटलेलं, बोलायला सैल. तो गाडीखाली पाठीवर सरकला, चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याला, बोट लावून बघितलं, म्हणाला, बाई, काही नाय, बोल्ट ढिले झालेत, रस्तेच तसे आपले. चार बोल्ट आवळले आणि उठला. तिने भीतभीत विचारलं, आतलं तेल किती आहे ते बघायचं का? तर तो हसला. म्हणाला, गोकुळदादाच्या गाडीचं गेज मी काढू? दादा रोज सकाळी बघतो ते मला माहीत नाय? माझ्या हातातून पट्टी हिसकून घेऊन टपली मारली होती त्याने, उतारावर तेल बघितलं म्हणून. आणि मग त्याने गोकुळची नक्कल केली, मान ताठ, आवाज खालचा: गाडी सपाटीवर घे, तिला घटकाभर निजू दे, मग पट्टी काढ, उतारावर तेल बघणारा ड्रायव्हर नव्हे, हमाल. तीही हसली. नवऱ्याचं कौतुक कोणाला कडू लागतं? त्या दिवशी संध्याकाळी तिने गोकुळसाठी बोंबलाची चटणी केली, त्याने विचारलं, आज काय आहे, तर म्हणाली, काही नाही.

पण डाग थांबला नाही. उलट भाकरीएवढ्याचा ताटाएवढा झाला. आता गाडी चढाला मागे निळसर धूर सोडायला लागली. आरशात तो दिसला की ती आरसा वाकडा करायची. आणि आरसा वाकडा केला की मन दुसरीकडेच जायचं. हल्ली असं फार व्हायला लागलं होतं. गाडी घाटाने वळणं घेत असायची आणि ती विचार करत असायची, परवा गोकुळने हर्षदाला फोनवर नवशी म्हटलं. नवशी त्याची बहीण, जाऊन वर्षं झाली. जीभ घसरली असेल. मग रविवारी त्याने दुपारी जेवल्यावर तासाभराने विचारलं, आज जेवायचं नाही का. चेष्टा करत असेल. त्याला चेष्टेची खोडच आहे. मग ओट्यावरच्या पोरांना त्याने आगीशिवायच्या भडक्याची गोष्ट लागोपाठ सांगितली, आणि पोरं इतकी गुणी की दुसऱ्यांदाही त्यांनी तोंडं उघडी टाकून ऐकली. विसरणं कोणाला चुकलंय? ती स्वतः हजेरीत पोरांची नावं गाळते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या सगळ्यावर ती काहीतरी टाकायची, चोळायची, बाजूला लोटायची, आणि तिला वाटायचं, दिसलं नाही म्हणजे झालं नाही. रस्त्याच्या कडेला खाचरांत भाताची कापणी उरकलेली, उडव्या रचलेल्या, मधूनच वाळल्या पेंढ्याचा वास गाडीत यायचा आणि तिला साखरशेतचं खळं आठवायचं, खळ्यावर उताणी पडलेली आई, कामाने नव्हे, नुसतीच पडलेली, हसत. तसं हसायला आपल्याला ह्या वर्षी जमलं नाही, असं जयवंतीला वाटून गेलं.

आणि अशीच एकदा शाळेतून परतताना, चढ संपत आलेला, गोकुळ अचानक म्हणाला, "तेल जळतंय."

ती म्हणाली, कोणीतरी पेंढा पेटवला असेल. त्याने नाक वर केलं, डोळे मिटले, आणि एवढंच म्हणाला की तेल आहे, आपलं आहे. मग विचारलं, कधीपासून? आजच, ती म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलं. काय आहे, नाक म्हातारं होत नाही ह्या माणसाचं. तुकाकडे घे, तो म्हणाला.

तुकाने ह्या वेळी काम नीट मांडलं. गोकुळला खुर्ची दिली, चहा सांगितला, मग डिझेल आणि ब्रशने इंजिन खालपासून वरपर्यंत धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि जयवंतीला म्हणाला, बाई, समोरून पावडरीचा डबा आणा, तोंडाला लावायची. ती बघतच राहिली. गोकुळ खुर्चीवरून म्हणाला, आण, बरोबर सांगतो तो. तुकाने आख्खं इंजिन पावडरीने पांढरं केलं. कुठून ओलं होतं ते पांढऱ्यावर दिसतं. गाडी सुरू केली, आणि तापत्या लोखंडावरच्या पावडरीचा वास शेडभर पसरला, तसा जयवंतीला एकदम लहानगा कमलेश आठवला, आंघोळीनंतर पांढराफटक, दाभोशाच्या घरात उताणा, आणि गोकुळ त्याच्यावर वाकून म्हणतोय, ह्याचं सायलेन्सर चांगलं आहे. तिघं बॉनेटवर वाकले. पावडर ओली होऊ लागली. पण एका जागी नव्हे. वरच्या कव्हरच्या कडेने, पुढच्या सीलशी, मागे, नळीच्या तोंडाशी, जिथे बघावं तिथे पांढऱ्यावर काळे थेंब फुटत होते, ताप आलेल्याच्या अंगावर घाम फुटावा तसे. तुकाने तेल घालायचं झाकण सैल केलं, तर आतून धुराचे फुत्कार आले. त्याचा चेहरा उतरला. गळतं ते एका जागेहून गळतं, तो म्हणाला. सगळीकडून यायला लागलं म्हणजे आतून दाब मारतोय. पिस्टनच्या रिंगा गेल्या. दादा, इंजिन खोलावं लागणार.

इंजिनाचं काम. झालं तर मग. जयवंतीला वाटलं होतं की हे शब्द ऐकले की आपण रडू, पण काहीच झालं नाही. ती फक्त शेडच्या पत्र्याला टेकली आणि तिला पहिलीतली एकेक पोरं दिसायला लागली, कोण कुठे बसतं, कोणाच्या पाटीला कोपरा नाही. मग नाशिकची खिडकी. मग गोकुळचा तिथला चेहरा. कमलेशला आजच सांगावं लागेल. तो 'आई, बरं झालं' म्हणेल, आणि त्या बरं झालंवर आपण काय बोलणार? इकडे तुकाने खोलायच्या आधी तेल काढून घ्यायला चेंबरखाली पसरट ट्रे सरकवला आणि नट फिरवला. काळी जाड धार पडायला लागली. पडत राहिली. ट्रे अर्धा झाला, भरत आला, तुका म्हणाला, आता थांबेल. थांबली नाही. ट्रे काठोकाठ भरला, काठावरून सांडला, तेल जमिनीवरून तुकाच्या पाठीखाली गेलं आणि तो खालूनच ओरडला की बादली द्या कोणीतरी. जयवंतीने पाण्याची बादली उपडी करून दिली. तीतही तेल पडत राहिलं, फेसाळ, न संपणारं.

तुका बाहेर सरकला, पाठीला काळा होऊन, आणि उकिडवा बसून त्या बादलीकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. म्हणाला, अहो हिला काही झालेलं नाय! रिंगाबिंगा सगळं ठीक. हिला कोणीतरी पाजत होतं, गळ्यापर्यंत. पोटात मावेना म्हणून वाट मिळेल तिथून बाहेर काढत होती बिचारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, गेज काढलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आणि मग हसणं ओसरल्यावर तो हळू म्हणाला की बरं झालं थांबलात. हे जास्तीचं तेल वर चढून हवेच्या वाटेने आत गेलं असतं, तर डिझेल इंजिन तेच तेल पिऊन पळायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही. ते घाटात झालं असतं, तर मी आज कोणाशी बोलत असतो? कोण घालत होतं एवढं?

गोकुळ खुर्चीवर ताठ बसला होता. चहाचा ग्लास मांडीवर, त्यावर साय धरलेली. तो बादलीकडे बघत नव्हता. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता, हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा. आणि जयवंतीला सगळं एकदम दिसलं. गल्लीचा उतार. तोंड वर करून उभी गाडी, आतलं तेल मागे सरकलेलं. रोज सकाळी कमी दिसणारी पट्टी, रोज सकाळी मागच्या सीटखालच्या मोठ्या डब्यातून ओतलं जाणारं तेल. उतारावर तेल बघणारा ड्रायव्हर नव्हे, हमाल, हे ज्याने अख्ख्या जव्हारला शिकवलं, तो माणूस रोज उतारावर तेल बघत होता आणि त्याच्या ते ध्यानात नव्हतं. नवशीचं नाव, दुपारचं जेवण, पोरांची गोष्ट, सगळं त्या बादलीत एका जागी येऊन पडलं. आता पावडर लावून शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि तिला त्याची अशी काही माया आली की तुका समोर नसता तर तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं असतं.

"मी घालत होते," ती म्हणाली. "मला वाटलं गळतंय, म्हणून रोज घालत होते."

तुकाने कपाळाला हात लावला, स्वतःच्या कपाळाला काळं लागलं. बाई, अहो बाई, अति तिथं माती, तुम्हीच पोरांना शिकवता ना! तो पुढे बरंच बोलला, दादाला म्हणाला की तुमच्याच घरात हमाल निघाला, आणि नवं तेल बेतानं भरताना, सपाटीवर, पट्टी तीनदा काढून जयवंतीला खुणा दाखवल्या. ही खालची, ही वरची, ह्याच्या मध्ये. ती मान हलवत राहिली. गोकुळने चहा न पिताच ग्लास खाली ठेवला.

ऊन उतरलं होतं. ती गाडी घराकडे घेत होती, इंजिन हलकं चालत होतं, आरशात धूर नव्हता, आणि खरं तर तिने आनंदाने गाणं म्हणायला हवं होतं. इंजिनाचं काम निघालं नव्हतं. जायला नको होतं. वळणाच्या अलीकडे, जिथे रस्ता थोडा सपाट होतो, तिथे गोकुळ म्हणाला, बाजूला घे. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, तोही लोकांत बाईच म्हणायचा, पण आता तो म्हणाला, "जयवंती, तू एवढं नाय घातलंस."

तिने घातलं होतं, खरंच घातलं होतं, तिने सांगायला सुरुवात केली, डबा, पिशवी, मधली सुट्टी, राख. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की तू मीठसुद्धा चिमटीने घालतेस, बादलीभर तेल तुझ्या हातून ओतलं जाणार नाही. समोर दरीत कोणाच्या तरी चुलीचा धूर सरळ वर चालला होता. "मी घालत होतो का, ते मला आठवत नाय," तो म्हणाला. "डबा हातात घेतलेला आठवतो. पण काल घेतला की जीपच्या वेळी, ते कळत नाय. बसल्या बसल्या शोधतोय. तठं काहीच नाय."

लोक काय म्हणतात ते तिला माहीत होतं. वय झालं, सगळेच विसरतात, डोक्याला त्रास करून घेऊ नका. ते सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिने गिळलं. त्याचा डावा हात मांडीवर पडला होता, थंड. तिने तो उचलून आपल्या हातात घेतला.

तो म्हणाला, कमलेशला लाव फोन. मी एकटा जातो त्याच्याकडे. तू शाळा पुरी कर, मग ये. आज तेल होतं, उद्या मी गॅस चालू ठेवीन. तू पोरं सांभाळशील की मला? बोलताना त्याचा आवाज साधा होता, गिअर कधी बदलायचा ते सांगावं इतका साधा, आणि तिला कळलं की हे तो आज ठरवून बोलत नाहीये. त्याला ठाऊक होतं. कधीपासून तरी ठाऊक होतं, आणि तोही तिच्यापासून लपवत होता, आपल्या परीने राख टाकत होता. एका घरात दोघं, एकमेकांना जपायला म्हणून, दोन बाजूंनी एकाच इंजिनात ओतत बसले होते, आणि त्यात दोघांचंही सगळं मोडलं असतं. तिला राग आला. त्याचा आला, स्वतःचा आला. मग राग गेला.

"तुम्ही गेलात तर मी घाटात भांडू कोणाशी?" ती म्हणाली. त्याच्या तोंडाचं ते अर्धं हसू आलं, पण डोळे भरले होते.

तिने खरंच फोन लावला. कमलेशने हॅलोसुद्धा नीट म्हटलं नाही, आधी विचारलं, तुका काय म्हणाला, इंजिनाचं काम आहे ना? ती म्हणाली, नाही, गाडी बरी आहे. मग तिने गोकुळकडे बघितलं, त्याचा हात सोडला नाही, आणि त्याच्या समोर, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबांना विसरायला होतंय. बऱ्याच दिवसांपासून. डॉक्टरला दाखवायला नाशिकला आणते, चार दिवस राहू. मग परत येऊ."

पलीकडे मागून हर्षदाचा आवाज आला, काय झालं म्हणून. मग कमलेश घसा साफ करून म्हणाला, परत कशाला आई, असं कसं जमेल, तू दिवसभर शाळेत, त्यांना काही झालं तर, कोणी लक्ष द्यायला नको का? तो चुकीचं बोलत नव्हता. गोकुळने उजवा हात पुढे केला आणि फोन मागितला.

"ऐक रे," तो म्हणाला. "तुझी आई माझ्यापासून काही लपवत नाय. सगळं सांगते. मी विसरलो तर परत सांगते. तेवढं असलं की मला जमतं." मग तो पलीकडचं ऐकत राहिला, हं म्हणाला, हो म्हणाला, पोरांना हाक मार म्हणाला, कोणाची पोरं ते त्याने सांगितलं नाही. फोन ठेवून त्याने तो पदराला पुसावा तसा शर्टाला पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"खोटं बोललो का मी?" त्याने विचारलं.

"आजपासून नाही," जयवंती म्हणाली, आणि मागून काही येत नाही ना ते बघून तिने गाडी रस्त्यावर घेतली.